लिनक्सवर माऊसचं चाक एवढं खडखडत का चालतं? (स्मूद स्क्रोलिंग, मदत हवी)

शुद्धलेखनी:
नमस्कार मंडळी. तांत्रिक विभागात पहिल्यांदाच लिहितोय, चुकीच्या जागी पडला असेल तर संपादकांनी धागा हलवावा. मी घरून मुद्रितशोधनाची कामं करतो, म्हणजे दिवसाचे सात-आठ तास समोर पीडीएफ नाहीतर ब्राउझर, डोळा ओळीवर आणि बोट माऊसच्या चाकावर. दिवाळीनंतर जुन्या डेस्कटॉपवरचं विंडोज काढून फेडोरा लिनक्स टाकलं, बाकी सगळं झकास आहे, जोडाक्षरं सुद्धा छान दिसतात, पण हे स्क्रोलिंग! एक खट केलं की पान टुणकन तीन-चार ओळी वर उडतं आणि मी ऱ्हस्व-दीर्घ बघत कुठल्या ओळीवर होतो तेच हरवतं. विंडोजवर हाच माऊस, हाच फायरफॉक्स, पान घसरगुंडीवरून आल्यासारखं सरकायचं. भाचा म्हणतो लिनक्सला स्मूद स्क्रोलिंग नसतंच मुळी. पण गंमत म्हणजे त्याच्याच लॅपटॉपवर हेच फेडोरा आहे आणि टचपॅडवर दोन बोटं फिरवली की लोण्यासारखं सरकतं. मग नसतंच म्हणजे काय? कुणी नीट सांगेल का, की परत विंडोज टाकू?

टंकाळलेला:
रुमाल टाकून ठेवतो. मलाही हेच विचारायचं होतं.

मुळशीकर:
आयमव्हील टाका, प्रश्न मिटला. होम फोल्डरमधे एक डॉट फाइल करायची, त्यात चौथ्या बटणाला ३ लिहायचं, पाचव्याला ३ लिहायचं, बास.

उंदीरमामा:
@मुळशीकर, अहो त्यांना उडी लहान हवीय आणि तुम्ही तिप्पट करून देताय :) आयमव्हील एका खटचे तीन खट करतं, स्मूद वगैरे काही करत नाही. शिवाय ते एक्स११ वर, म्हणजे लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेवर चालतं. शुद्धलेखनी फेडोरावर आहेत, तिथे वेलँड, म्हणजे त्याच कामाची नवी यंत्रणा असणार, तिथे आयमव्हीलला कुणी विचारत नाही.

शुद्धलेखनी, भाच्याचं म्हणणं अर्धवट आहे. "स्मूद" या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि लोक त्या एकात एक कालवून भांडत बसतात. पहिली म्हणजे चाकाकडून येणारी माहिती किती बारीक आहे. साध्या माऊसच्या चाकात खाचा असतात, बहुतेकांत एका खाचेला १५ अंश, म्हणजे पूर्ण फेऱ्याला २४ खाचा. असा माऊस कॉम्प्युटरला एवढंच सांगतो, "एक खाच फिरली". अर्धी फिरली, पाव फिरली हे तो सांगूच शकत नाही. टचपॅड मात्र बोट केसभर हललं तरी कळवतो, म्हणून भाच्याचं लोणी. दुसरी गोष्ट म्हणजे एक खाच फिरल्याचं कळल्यावर प्रोग्रामने पान एका दमात उडवायचं की पाव-एक सेकंदभर हळूहळू सरकवायचं. ते निव्वळ ॲनिमेशन. विंडोजवर तुम्हाला जे मिळत होतं ते बहुधा हे दुसरं, आणि ते तर फायरफॉक्स लिनक्सवर पण करतं, मुळातच चालू असतं. तुमच्याकडे ते का होत नाही हाच खरा प्रश्न आहे.

शुद्धलेखनी:
उंदीरमामा, खूप आभार, आता थोडं डोक्यात शिरतंय. पण मग माझा माऊस पहिल्यात मोडतो की कसं हे कळणार कसं? डब्यावर तर "अल्ट्रा प्रिसिजन" असं काहीबाही छापलंय.

खटखट्या:
डब्यावर काय, काहीही छापतात. मोजून बघा ना. लिबइनपुट म्हणजे माऊसकडून आलेली माहिती पुढे पोचवणारा भाग, फेडोरावर त्याचं लिबइनपुट-युटिल्स नावाचं पॅकेज टाका (उबुंटू-डेबियनवाल्यांनो, तुमच्याकडे त्याला लिबइनपुट-टूल्स म्हणतात), मग टर्मिनलमधे सुडो लावून "लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स" चालवा. फोनवरून टंकतोय, कीबोर्ड बदलायचा कंटाळा, टर्मिनलला अर्थात इंग्रजीत द्या. मग चाक अगदी हळू, चोरपावलांनी फिरवा आणि "व्हर्ट" च्या पुढे काय आकडे येतात ते इथे लिहा.

शुद्धलेखनी:
केलं. हळू फिरवताना काहीच येत नाही, आणि खट झालं की एक ओळ येते, तीत "१५.००/१२०.०" आणि शेजारी एक चांदणी. दर वेळी तेच. कितीही हळू केलं तरी तेच. १५ म्हणजे चांगलं की वाईट?

खटखट्या:
१५ कडे बघू नका, ते अंश आहेत, मामांनी वर सांगितलेली खाच. तिरप्या रेघेनंतरचा १२० महत्त्वाचा. १२० म्हणजे एक अख्खी खाच. तुमचा माऊस साधा आहे, अल्ट्रा-बिल्ट्रा काही नाही. माझा लॉजिटेकचा एमएक्स मास्टर आहे, त्यात एका खाचेचे आठ तुकडे होतात, तर माझ्याकडे "१.८८/१५.०" अशा ओळी पटापट येतात. म्हणजे १२० भागिले ८. त्याची खाच सोडवून चाक मोकळं केलं की भिंगरीच, एक टिचकी मारली की ओळींचा पाऊस.

ओव्याकाकू:
१२०च का? १०० का नाही? (गणिताची बाई आहे, राहवत नाही.)

उंदीरमामा:
काकू, तुम्हीच सांगा १०० ला ३ ने भाग जातो का? :) १२० ला २, ३, ४, ५, ६, ८ सगळ्यांनी जातो, खाचेचे यातले कितीही तुकडे करा, आकडा पूर्णांकातच राहतो. ही कल्पना मायक्रोसॉफ्टची, विंडोजमधे एका खाचेला १२० धरतात, पुढेमागे बारीक चाकं येतील म्हणून आधीच जागा सोडून ठेवलेली. लिनक्सने तोच आकडा उचलला, पण फार उशिरा.

आता काढलंच आहे तर सांगतो, नाहीतरी रविवार आहे. १९९६ ला मायक्रोसॉफ्टचा इंटेलीमाऊस आला आणि चाक घरोघरी पोचलं. पीएस/२ वर (माऊसची जुनी गोल पिनची जोडणी) हा माऊस चाकवाला आहे हे ओळखायची युक्ती भारी होती, कॉम्प्युटर माऊसला लागोपाठ तीन वेग सांगायचा, २००, १००, ८०. ही गुपचूप दारावरची टकटक. साध्या माऊसला त्याचं काही नाही, चाकवाला मात्र ओळखायचा आणि त्यानंतर तीनाऐवजी चार बाइट पाठवायला लागायचा, चौथ्यात चाक. तर एक्स११ मधे चाकासाठी जागाच नव्हती, कारण एक्स११ १९८७ चं. मग केलं काय, चाक वर फिरलं की चौथं बटण दाबल्याचं नाटक, खाली फिरलं की पाचवं. आम्ही एक्सएफ८६कॉन्फिग नावाच्या फाइलमधे हाताने "झेडॲक्सिसमॅपिंग ४ ५" लिहायचो आणि ती ओळ चुकली की चाक मेलं. आडवं स्क्रोल आल्यावर ६ आणि ७ पण गेले, म्हणून आज तुमच्या माऊसवरची मागे-पुढेची बटणं ८ आणि ९ आहेत. आता बटण हे दाबलेलं असतं नाहीतर नसतं, अर्धं दाबलेलं बटण कुठून आणणार? सगळं दुखणं इथून सुरू झालं.

बीएसडीवाला:
अनुमोदन. फ्रीबीएसडीवर मूसडी या माऊस सांभाळणाऱ्या प्रोग्रामला "-झेड ४" देऊन आम्हीही हेच नाटक केलंय. आता तिकडेही इव्हडेव्ह आणि लिबइनपुट आहे, त्यामुळे बरंच लिनक्ससारखंच चालतं. पण जुनी कॉन्फिग फाइल अजून जपून ठेवलीय, आजोबांच्या पानाच्या डब्यासारखी.

टंकाळलेला:
मामा पुढचं पण लिहा, थांबू नका.

उंदीरमामा:
लिहितो, चहा घेऊन आलो.

मार्च २०१२ मधे एक्स११ चा एक्स सर्व्हर १.१२ आला, त्यात एक्सइनपुट २.१ (माऊस-कीबोर्डची माहिती प्रोग्रामना देणारा भाग), आणि पहिल्यांदा स्क्रोलला बटणाऐवजी अपूर्णांकात आकडा मिळाला. त्याच महिन्यात जीटीके ३.४ ने (प्रोग्रामच्या खिडक्या-बटणं बनवायचं टूलकिट) तो वापरायला सुरुवात केली. पण फायदा झाला टचपॅडवाल्यांना, कारण माऊसकडून कर्नललाच (लिनक्सचा गाभा) मुळी "एक खाच" यापलीकडे काही येत नव्हतं. नळ मोठा बसवला पण टाकीच रिकामी. टाकी भरली ती मार्च २०१९ ला कर्नल ५.० मधे. क्रोमओएसवर काम करणाऱ्या हॅरी कट्स यांनी लॉजिटेकच्या माऊससाठी सुरुवात केली, मग रेड हॅटचे पीटर हटरर, म्हणजे लिबइनपुट लिहिणारेच, त्यांनी त्याला नीट आकार दिला. तेव्हापासून कर्नल दोन आकडे पाठवतो, जुना अख्ख्या खाचेचा आणि नवा १२० च्या हिशोबातला. जुनेपुराणे प्रोग्राम जुना वाचतात, नवे नवा वाचतात, कुणाचं काही मोडत नाही.

बरं, कर्नलने दिलं म्हणजे झालं असंही नाही. मधे लिबइनपुट, त्यावर वेलँड, त्यावर कंपोझिटर (खिडक्या पडद्यावर मांडणारा प्रोग्राम), त्यावर टूलकिट, प्रत्येकाने पुढे सरकवलं पाहिजे. लिबइनपुटमधे आलं सप्टेंबर २०२१ ला, आवृत्ती १.१९, ते काम होसे एक्सपोसितो या माणसाने केलं. वेलँडमधे १.२१, जून २०२२. म्हणजे २०१२ ला सुरू झालेली वरात २०२२ ला मांडवात. भाचा म्हणतो "नसतंच", त्याने हे दहा वर्षांत कुठेतरी मधेच वाचून सोडून दिलं असणार.

खटखट्या:
यात एक अडचण लिहायची राहिली. बारीक चाक आलं आणि लोकांची बोंब सुरू झाली की नुसतं बोट टेकलं, मधलं बटण दाबायला गेलं, तरी पान थरथरतं. साहजिक आहे, एक अष्टमांश खाच म्हणजे दोन अंशांहून कमी, एवढं तर बोट चाकावर ठेवताना हलतंच. मग लिबइनपुटने पहिल्या हालचालीला साधारण अर्धी खाच भरेपर्यंत रोखून धरायचं ठरवलं. माझ्याकडे म्हणूनच थांबून परत फिरवलं की पहिली ओळ मोठ्या आकड्याची येते आणि मग १५, १५, १५.

ओव्याकाकू:
मला एक वेगळाच त्रास आहे, इथे विचारू का? मी लिनक्स मिंटवर आहे. एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत माऊस नेला की पहिलं खट वाया जातं. दुसऱ्यापासून नीट. मला वाटलं माऊस गेला, नवा आणला, तो पण तसाच! दुकानदार म्हणाला बाई चाक जोरात फिरवा.

उंदीरमामा:
दुकानदाराला सोडा, दोन्ही माऊस धडधाकट आहेत. मिंटचा सिनॅमन अजून मुख्यतः एक्स११ वर चालतो आणि हे एक्सइनपुटच्या त्याच २०१२ च्या रचनेतून आलेलं आहे. ते "एवढं फिरलं" असं सांगत नाही, ते "आतापर्यंत एकूण एवढं फिरलं" असं सांगतं, रिक्षाच्या मीटरसारखं. तुमचा माऊस दुसऱ्या खिडकीवर असताना मीटर पळत राहिलं, ते या खिडकीला माहीत नाही. परत आल्यावर पहिलं खट आलं की तिला फक्त मीटरचा नवा आकडा कळतो, आधीचा विश्वासातला आकडा नाही, मग वजाबाकी कशातून करणार? म्हणून ते खट ती फक्त मीटर वाचायला वापरते. जीटीके ३ च्या प्रोग्राममधे हे हमखास दिसतं. प्रोग्राम सुरू करताना "जीडीके_कोअर_डिव्हाइस_इव्हेंट्स=१" दिलं की तो परत जुन्या बटणांच्या नाटकावर जातो, पहिलं खट वाया जात नाही, पण अपूर्णांकही गेले. तुमचा माऊस साधाच असेल तर तुमचं काही जात नाही.

ओव्याकाकू:
मीटरचं उदाहरण पटलं. वर्गात वापरीन. दोन माऊस झालेत, कुणाला हवाय का?

झोपाळू_पेंग्विन:
मला हे स्मूद प्रकरण कळतच नाही लोकहो. पान सरकताना बघितलं की मला गरगरतं, घाटात बस लागते तसं. नवीन मशीन आलं की पहिलं काम, सगळी ॲनिमेशनं बंद. खट, ओळी पुढे, खट, ओळी पुढे, डोळा आपोआप जागेवर जातो. टर्मिनलमधे तर असंच असतं ना, लेस (मजकूर वाचायचा प्रोग्राम) उघडून चाक फिरवलं की टर्मिनल गुपचूप खालच्या बाणाची कळ दाबल्यासारखं करतं, ओळीच्या मधे थांबायचा प्रश्नच नाही. त्यात वाईट काय? ह.घ्या.

शुद्धलेखनी:
थांबा थांबा! झोपाळू, तुम्ही "सगळी ॲनिमेशनं बंद" लिहिलंत आणि माझ्या डोक्यात घंटा वाजली. मशीन जुनं म्हणून भाच्याने बसवताना सेटिंगमधे जाऊन ॲनिमेशन बंद केलं होतं, "मामा, हलकं चालेल". त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?

खटखट्या:
मालक, तिथेच मेख आहे! फेडोराच्या नोम डेस्कटॉपमधे ॲनिमेशन बंद केलं की फायरफॉक्स त्याचा अर्थ "या माणसाला हालचाल सोसत नाही" असा घेतो. मग वेबसाइटींनाही तसं सांगतो आणि स्वतःचं स्मूद स्क्रोलही बंद ठेवतो. झोपाळूंसारख्यांसाठी ती सोयच आहे. तुम्ही चालू करून बघा. किंवा बाकीची बंदच ठेवायची असतील तर अबाउट-कॉन्फिगमधे जाऊन "जनरल डॉट स्मूदस्क्रोल" हाताने ट्रू करा.

शुद्धलेखनी:
झालं!!!! चालू केलं, फायरफॉक्स बंद करून उघडला, आणि पान सरकतंय, उडत नाहीये! भाच्याला फोन केला तर म्हणे "हो का, असं पण असतं का". एवढे दिवस हा मनुष्य लिनक्सला नावं ठेवत होता.

आता पीडीएफचं काय? तिथे अजून उडतंय. आणि ब्राउझरमधे एका खटला पान किती सरकावं हे कमी करता येईल का? ओळ अंतर मोठं असलेल्या प्रुफांत तीन ओळी म्हणजे पाव पान.

उंदीरमामा:
पीडीएफसाठी ऑक्युलर टाका, त्याच्या सेटिंग्जमधे स्मूद स्क्रोलिंगची खूण आहे. हे असंच आहे लिनक्सचं, ॲनिमेशन सिस्टिम देत नाही, प्रत्येक प्रोग्राम नाहीतर त्याचं टूलकिट आपापलं करतं. लिबइनपुट फक्त "चाक इतकं फिरलं" एवढी चिठ्ठी पोचवतं, चिठ्ठी वाचून कुणी नाचायचं आणि कुणी चालायचं हे ज्याचं त्याने. म्हणून एकाच टेबलावर ब्राउझर सरकतो, पीडीएफ उडतं आणि तिसरंच काही अडखळतं.

एका खटला किती, याचाही तोच घोळ. जीटीके ३ खिडकीच्या उंचीवरून ठरवतं, उंचीचा दोन तृतीयांश घात. ओव्याकाकू, तुमच्यासाठी: १००० पिक्सेलची खिडकी असेल तर १००, आणि ६४ पिक्सेलची चिमुकली यादी असेल तर १६. क्रोमियमच्या जुन्या कोडमधे लिनक्ससाठी सरळ ५३ पिक्सेल लिहून ठेवलेले होते. फायरफॉक्सचं ओळींच्या हिशोबात चालतं, तिथे "माऊसव्हील डॉट डीफॉल्ट डॉट डेल्टा_मल्टिप्लायर_वाय" हे १०० आहे ते ६० करा, उडी साठ टक्के होईल.

ओव्याकाकू:
१००० चं घनमूळ १०, त्याचा वर्ग १००. बरोबर. ६४ चं ४, वर्ग १६. हे कुणी बसवलं असेल? छान आहे, मोठ्या खिडकीत मोठी उडी पण त्या प्रमाणात नाही.

मुळशीकर:
आणि सगळ्या प्रोग्रामना एकदम कमी करायचं असेल तर? आयमव्हील नाही म्हणालात, मग वेलँडवाल्यांनी काय करायचं?

खटखट्या:
कंपोझिटरवर आहे. केडीई प्लाझ्माच्या माऊस सेटिंगमधे वेलँडवर स्क्रोल स्पीडची पट्टी आहे. स्वे वापरत असाल तर कॉन्फिगमधे "स्क्रोल_फॅक्टर ०.६" असं लिहा, हायपरलँडमधे पण त्याच नावाने आहे. लिबइनपुटने चाकासाठी साधी वेगाची पट्टी दिलेली नाही, २०२३ ला १.२३ मधे स्वतःची ॲक्सिलरेशनची वक्ररेषा देण्याची सोय आली आणि तीत स्क्रोलही आहे, पण तीसुद्धा कंपोझिटरने तुमच्यापर्यंत आणली तर. आणि एक लक्षात घ्या, साध्या माऊसवर ०.६ केलं तरी खाच ती खाचच, उडी लहान होईल पण उडीच राहील, वर ॲनिमेशन नसेल तर.

मुळशीकर:
बरं. माझी आयमव्हीलवाली पोस्ट संपादकांनी उडवली तरी चालेल.

टंकाळलेला:
नको, राहू दे, वाचनखूण साठवलीय मी धाग्याची.

शुद्धलेखनी:
धागा वर काढतोय, तीन आठवडे झाले म्हणून हालहवाल सांगतो. फायरफॉक्समधे ६० चं ५५ केलं, माझ्या प्रुफांना ते बरोबर बसतं, एका खटला दोन ओळी, मोजून. ऑक्युलर पण झकास. एवढं झाल्यावर हाव सुटली, एका ओळखीच्याकडून बारीक चाकाचा माऊस दोन दिवस आणला, डीबगमध्ये १५-१५ बघून फार आनंद झाला, पण काम करताना खाच नसल्यामुळे बोटाला कळेचना कुठे थांबायचं आणि दोनदा एकच परिच्छेद तपासला. परत केला. माझ्यासाठी खटखट करणारं चाक आणि वरून सरकणारं पान हेच बरं पडतंय.

झोपाळू, तुमच्यासारखं सगळं बंद करूनही एक दिवस काम करून बघितलं, लांबलचक पीडीएफ. संध्याकाळपर्यंत मान दुखली पण गरगरलं नाही, काय म्हणावं!

झोपाळू_पेंग्विन:
मान माऊसमुळे नाही दुखत, खुर्ची बघा.

ओव्याकाकू:
माऊस अजून आहे हो माझ्याकडे. डबा पण आहे. पोस्टाने पाठवीन, पोस्टेज घेणाऱ्याने द्यायचं.